उन्हाळ्यात लस धरत नसे

मी देवी टोचण्याच्या नोकरीत होतो तेव्हा आमच्या संसाराचं वेळापत्रक लशीवर चालत असे. ऐकणाऱ्याला हे विचित्र वाटतं, म्हणून आधी ते नीट मांडतो.

माझी नेमणूक अकोला जिल्ह्यात आणि मुक्काम बाळापूरला. पत्नी अमरावतीच्या एका मुलींच्या शाळेत शिक्षिका. तिची नोकरी लग्नाआधीची, माझीही लग्नाआधीची. दोघांपैकी कोणी सोडायची यावर पहिल्या वर्षी बोलणं झालं, दुसऱ्या वर्षी झालं, पुढे विषय निघेनासा झाला. बाळापूरहून अमरावतीला जायचं म्हणजे अकोल्यापर्यंत मोटार, तिथून बडनेऱ्यापर्यंत आगगाडी आणि बडनेऱ्याला उतरून अमरावतीची छोटी गाडी. ती चुकली की टांगा. शनिवारी निघून रविवारी परतायचं म्हटलं तर घरातला वेळ प्रवासाच्या वेळेपेक्षा कमी भरे. शिवाय गावोगावच्या बाजाराचा दिवस हाच आम्हाला लेकरं सापडण्याचा दिवस. तो सोडता येत नसे.

तेव्हाची देवीची लस पातळ असायची. काचेच्या बारीक नळ्यांतून ती नागपूरहून अकोल्याला येई आणि अकोल्याहून आमच्या हाती. थंडी असेपर्यंत ती टिके. होळीच्या सुमारास ऊन चढू लागलं की मरे. नळी तशीच दिसायची, रंगही तोच, पण दंडावर ओरखडलं तरी फोड उठायचा नाही, म्हणजे लस धरायची नाही. म्हणून आमचा हंगाम दसऱ्याच्या आसपास सुरू होऊन होळीला संपायचा. पुढे पावसाळा लागला की पटकीच्या, म्हणजे कॉलऱ्याच्या, सुया. म्हणजे मधला उन्हाळा तेवढा मोकळा. वर्षभर न घेतलेली रजा मी त्यात एकदम घ्यायचो. पत्नीच्या शाळेला सुटीही त्याच दिवसांत. वैशाख आणि ज्येष्ठाचा अर्धा भाग आम्ही एका घरात राहत असू. वऱ्हाडच्या ज्या उन्हाला सगळे नावं ठेवतात, ते आम्ही कधी वाईट म्हटलं नाही.

त्या दिवसांत फार काही घडायचं नाही. सकाळी नळाचं पाणी मी भरायचो. नंतर बाजा अंगणात काढून त्यांची सैल झालेली सुतळी पुन्हा ताणून विणायचो. हे काम दरवर्षी माझं. पत्नी कुरड्या घाली आणि मधूनच येऊन बाजेवर हात दाबून बघे. "या कोपऱ्यात अजून झोळ हाये," म्हणे. तिच्या भावाची मोर्शीला संत्र्याची एक-दोन झाडं होती. त्याने पाठवलेल्या संत्र्यांची साल ती वाळवून ठेवायची. दुपारी दारं लावून ती पेपर मोठ्याने वाचायची आणि मी ऐकायचो. आम्हाला मूल नव्हतं. त्यामुळे घरात दुसरा आवाज नसे, आणि त्या सव्वा-दीड महिन्यात तो नसल्याचं जाणवतही नसे.

बाळापुरात मात्र जाणवे. माझी खोली मन नदीच्या अंगाला होती. घरमालक सज्जन माणूस, पण त्याच्या घरातल्या बायका मी दारातून गेलो की लेकरं आत ओढायच्या. त्यांचं गणित सरळ होतं. ज्या घरी देवी आली आहे त्या घरी हा माणूस जातो, आणि तोच इथे झोपतो. माझ्या माठाला त्यांच्यापैकी कोणी हात लावला नाही. खेड्यांत माझं नाव देवीवाला. रडणाऱ्या पोराला गप्प करायला ते वापरत. "उगी राय, नाही त देवीवाला नेईन." गावात पाऊल टाकलं की पोरं कडब्याच्या गंजीआड पळत. चहाच्या हॉटेलात माझ्या बाकावर माझ्याशिवाय कोणी बसत नसे. संध्याकाळी खोलीवर येऊन स्टोव्हवर भाकर टाकायची आणि उद्याच्या गावांची नावं मोठ्याने म्हणायची, अशी मला सवय लागली होती. नावं मला पाठ होती. दिवसातून एकदा तरी आपला आवाज साध्या बोलण्यात ऐकू यावा, एवढंच त्यामागे होतं.

पत्नीचा माझ्या कामाशी एकच संबंध होता. लशीच्या नळ्या मी एका पत्र्याच्या डब्यात ठेवत असे आणि डब्याला ओलं फडकं गुंडाळत असे. फडकं मऊ, जुनं सुती हवं, म्हणजे ते पाणी धरून ठेवतं आणि वाऱ्याने डबा गार राहतो. दरवर्षी हंगाम लागण्याआधी ती आपल्या जुन्या लुगड्याचा हातभर तुकडा फाडून द्यायची. काठ काढून टाकायची, कारण काठ पाणी धरत नाही. हे तिनेच पहिल्या वर्षी शोधून काढलं होतं. खेड्यात वाटेवर थांबून मी त्या फडक्यावर पाणी शिंपडायचो. निळं असेल त्या वर्षी निळं, हिरवं असेल त्या वर्षी हिरवं.

हंगामाच्या तोंडाशी अकोल्याला आमची सगळ्यांची बैठक होई. राज्य बदललं, जनपद सभा जाऊन जिल्हा परिषद आली, पण बैठकीची पद्धत बदलली नाही. साहेब त्या सालच्या नव्या सूचना वाचून दाखवत आणि आम्ही त्या उतरून घेत. एका साली सांगितलं, चार टोचे फार होतात, यंदापासून लहान मुलाला दोनच. माझ्या शेजारी अकोटकडचा एक जुना जाणता सोबती बसत असे. त्याने हात वर करून विचारलं, "साहेब, मंग उरलेले दोन कोनाच्या दंडावर टाकू?" साहेबही हसले. वर्षभरात मी इतरांसोबत हसायचो ते बहुतेक तिथेच.

मग एका साली बैठक भलत्याच वेळी लागली. होळी तोंडावर आली होती, हंगाम आटोपत होता, आणि अकोल्याहून निरोप आला की सगळ्यांनी या. साठ साल उलटून काही वर्षं झाली होती. नक्की साल मी मुद्दाम लिहीत नाही, कारण आठवणीवर भरवसा ठेवून आकडा लिहिणं मला आवडत नाही.

साहेबांनी टेबलावर काचेची एक छोटी कुपी ठेवली. तिच्या तळाशी चिमूटभर पांढुरकी भुकटी होती. बाजूला दुसऱ्या कुपीत पातळ द्रव.

"ही नवी लस," साहेब म्हणाले. "वाळवलेली आहे. टोचण्याच्या वेळी यात हा द्रव मिसळायचा. मिसळलेली त्याच दिवशी संपवायची, उरली तर टाकून द्यायची. आणि दंड स्पिरिटने पुसायचा नाही. स्पिरिट ओलं राहिलं तर लस मरते. साध्या पाण्याचा बोळा फिरवा, वाळू द्या, मग टोचा."

आम्ही लिहून घेतलं.

"आणि मुख्य गोष्ट. ही उन्हाने मरत नाही असं सांगतात. आपल्याकडे खात्री करून पाहायची आहे. यंदा वैशाखात टोचा. आठव्या दिवशी जाऊन दंड बघा. धरली असेल तर इथून पुढे हंगाम ही भानगड नाही, बाराही महिने काम. नसेल धरली तर जुनं आहे ते चालू."

अकोटच्या सोबत्याने हात वर केला. "साहेब, मंग आमची रजा?"

"पावसाळ्यात घ्या."

"पावसाळ्यात पटकी येते."

"मग हिवाळ्यात घ्या."

"हिवाळ्यात त देवीच हाये जी."

साहेबांनी कुपी उचलून खोक्यात ठेवली. "होईल काहीतरी सोय," म्हणाले.

बाहेर आल्यावर सोबत्याने विडी पेटवली. "आजवर लस नाजूक होती, म्हून आपल्याले तिच्यासंग सावलीत बसाले भेटे," तो म्हणाला. "आता ते बी मजबूत झाली." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "तुमचं काय होईन? माही बायको त घरीच हाये. थे म्हनते, उन्हाळ्यात तुमी कायले घरी येता."

होळीला मी अमरावतीला गेलो. पत्नी ओसरीत ज्वारी निवडत बसली होती. मी पाय धुऊन बसायच्या आत ती म्हणाली, "सुतळी आणून ठेवली हाये. यंदा दोन्ही बाजा विणा लागतीन."

मी बैठकीची हकिकत सांगितली. ती खडे काढत राहिली.

"धरन का थे उन्हात?" तिने विचारलं.

"माहीत नाही. तेच बघायचं आहे."

"अन् नाही धरली तर?"

"तर पूर्वीसारखं. सगळी रजा उन्हाळ्यात."

तिने सूप खाली ठेवलं. "मंग मी कोनाकडून बोलू?" ती म्हणाली. "लेकराईकडून का माझ्याकडून?"

"लेकरांकडूनच बोलावं लागेल."

"थे त झालंच," ती म्हणाली आणि सूप पुन्हा उचललं. शेवटी असं ठरलं की नाही धरली तर रजा टाकून मी अमरावतीला यायचं, आणि धरली तर तिने सुटीत बाळापूरला. "बाळापूरले काय हाये?" असं तिने विचारलं. मी म्हटलं, "किल्ला आहे." ती हसली. किल्ला कोणी रोज उठून बघत नाही, हे दोघांनाही माहीत होतं.

वैशाख लागला. नव्या लशीला ओलं फडकं लागत नव्हतं. कुपी खिशात टाकून चालता यायचं. मी मात्र ती पिशवीत, कापसात गुंडाळून ठेवत असे. उन्हाच्या आधी पोचावं म्हणून पहाटेच निघायचो.

पहिलं गाव मन नदीच्या पलीकडचं होतं. गावाच्या वरच्या अंगाला निंबाखाली मातामायचा, देवीच्या रोगाच्या मातेचा, ओटा. उन्हाळाभर बायका रोज सकाळी तिच्यावर तांब्याने पाणी ओतत, माय थंड राहावी म्हणून. मी गेलो तेव्हा ओटा ओला होता. एक म्हातारी रिकामा तांब्या घेऊन उभी होती. तिने मला ओळखलं.

"आता कायले आला रे बावा?" ती म्हणाली. "माय तापली हाये. तापल्या मायले कोनी टोचते का?"

मी समजावून सांगितलं. ती नाही म्हणाली, तिच्या मागच्या चार घरांनीही नाही म्हटलं. याची मला कल्पना होती, म्हणून मी फार अडलो नाही. खालच्या अंगाला बौद्धांची वस्ती होती. छप्पन साली त्यांनी दीक्षा घेतली तेव्हा घरातले देव काढले, मातामायचं पाणी त्या वस्तीतून बंद झालं. दर हिवाळ्यात मी गेलो की तिथल्या बायका लेकरं घेऊन आपण होऊन पुढे येत. त्या गावात मला कोणी बस म्हणत असेल तर तिथेच. माझी सगळी भिस्त त्या वस्तीवर होती.

पहिल्याच घरी एक तरुण बाई तान्ह्या मुलीला पाजत दारात बसली होती. तिचा नवरा सडकेच्या कामावर गेला होता. हिवाळ्याचा माझा फेरा झाल्यावर ही मुलगी जन्मली होती. तिच्या मोठ्या मुलाला मीच टोचलं होतं.

"या भाऊ," ती म्हणाली. "पन तुमी आता कसे?"

"लस टोचाले आलो."

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. "उन्हाळ्यात?"

"हो."

"उन्हाळ्यात त लस धरत नाही."

"कोनं सांगतलं?"

"तुमीच," ती म्हणाली. "माह्या पोराले टोचाले आलते तवा. पोरगं तापानं फणफणलं होतं, मी म्हनलं बाद मधी या. तुमी म्हनले, बाई, आता नाही घेतलं त दिवाळीलोग थांबा लागन, उन्हाळ्यात लस मरते, धरत नाही. म्या त तवापासून ध्यानात ठेवलं."

शेजारच्या दारातून एकजण म्हणाली, "मले बी सांगतलं होतं." तिसरी म्हणाली, "आमी मातामाय सोडली, लेकरं थोडीच सोडली. मेलेली लस कायले टोचता?"

त्यांचं चुकत नव्हतं. दहा-अकरा हिवाळे मी घरोघर हेच वाक्य बोलत आलो होतो. ते खरं होतं, आणि टाळाटाळ करणाऱ्यांना घाई करायला उपयोगी होतं. वरच्या अंगाच्या लोकांनी ते कधी मनावर घेतलं नाही, त्यांना मातामायचं कारण पुरेसं होतं. ज्यांनी माझं मनापासून ऐकलं त्यांच्याच दारात ते वाक्य आता माझ्यासमोर उभं होतं.

खरं सांगायचं तर मी तिथून परत फिरलो असतो तरी मला कोणी बोललं नसतं. लोक नाही म्हणाले, एवढं कळवलं असतं तर कचेरीने समजून घेतलं असतं. पण तान्ही मुलगी समोर होती. तिला कशाचंच संरक्षण नव्हतं, आणि दिवाळी फार लांब होती.

"ते तवाच्या लसीचं होतं," मी म्हटलं. "आता लस बदलली."

"मंग तवाचं खोटं का आताचं खोटं?"

"तवाचं बी खरं, आताचं बी खरं. ते पातळ होती, उन्हानं मरे. हे वाळवेल हाये." मी कुपी काढून दाखवली. तिने ती उन्हासमोर धरली, हलवली.

"हे धरन?"

"सांगतात धरते म्हनून."

"तुमाले ठाव हाये का?"

"मले ठाव नाही," मी म्हटलं. "उन्हाळ्यात पहिल्यांदाच टोचून राहिलो. आठव्या दिवशी दंड पाहीन तवा ठाव होईन."

तिने कुपी मला परत दिली. मुलगी पिऊन झोपली होती. मग म्हणाली, "ठाव हाये म्हनले असते त नसती देली पोरगी. टोचा. पन आठव्या दिवशी तुमीच या. दुसऱ्याले धाडू नका. नाही धरली त तोंडावर सांगा."

"सांगीन."

पाण्याचा बोळा फिरवून मी दंड वाळू दिला. स्पिरिटची बाटली सवयीने हातात आली होती, ती परत पिशवीत ठेवली. मुलगी थोडी रडली आणि पुन्हा झोपली. त्या सकाळी त्या वस्तीत आणखी आठ लेकरं टोचून झाली.

मधले दिवस मी दुसऱ्या गावांत काढले. उन्हं अशी होती की दुपारी नदीच्या वाळूत पाय टाकवत नसे. खोलीवर येऊन कवाड लावलं की डोक्यात दोनच चित्रं येत. एक अमरावतीच्या अंगणातली बाज, आणि दुसरं त्या मुलीचा दंड, त्यावर काही नाही. दुसरं चित्र आलं की पहिलंही यायचं. एक पुसून दुसरं ठेवावं असं खूप वाटे, पण ती जोडीनेच येत. अकोटच्या सोबत्याची मोटारतळावर एकदा गाठ पडली. "नाही धरली त तुमची सुटी पक्की," तो म्हणाला.

आठव्या दिवशी गेलो. ती बाई आधीपासून दारात उभी होती. तिने मुलीचं अंगडं वर केलं.

दोन्ही टोच्यांच्या जागी फोड उठले होते. टपोरे, मोत्यासारखे, मधोमध बारीक खळगा आणि भोवती लाल वर्तुळ. हिवाळ्यातल्या ताज्या लशीलाही मी इतके ठसठशीत फोड क्वचित पाहिले होते. मुलीचं अंग थोडं कोमट होतं, ते व्हायचंच. मी दुसऱ्या घरी गेलो, तिसऱ्या घरी गेलो. त्या वस्तीत एकही दंड रिकामा निघाला नाही.

परत येऊन मी तिला सांगितलं, "धरली."

"धरली म्हनते," तिने शेजारणीला ओरडून सांगितलं. मग मला म्हणाली, "बसा, च्या मांडतो." मी बसलो. उन्हाळ्यात कोणाच्या दारात बसून चहा पिण्याची ती माझी पहिलीच वेळ.

"तुमच्या लेकराले देली का हे लस?" तिने चुलीपासून विचारलं.

"मले लेकरू नाही."

"मंग घरी कोन कोन?"

"बायको. अमरावतीले असते. शाळेत शिकवते."

"अन् तुमी इकडे?"

"मी इकडे."

"असं कावून?" ती म्हणाली. चांगला प्रश्न होता. मी चहा पिऊन कप धुऊन ठेवला. तिने धुवू नका म्हटलं, तरी धुतला.

वरच्या अंगाला ती बातमी माझ्याआधी पोचली होती. निंबाखालची म्हातारी खाली येऊन त्या मुलीचा दंड स्वतः पाहून गेली आणि पुढच्या फेऱ्यात तिने आपला नातू पुढे केला. मातामायवर पाणी ओतणं तिने अर्थातच थांबवलं नाही.

मी पाहिलं ते अकोल्याला कळवलं. अकोटच्या सोबत्यानेही तेच कळवलं. पावसाळ्याच्या आत साहेबांचा निरोप आला, यापुढे काम बाराही महिने.

पत्नीला मी एका ओळीचं कार्ड टाकलं, "लस धरली, तू ये." ती आली. मी अकोल्याच्या स्टेशनवर घ्यायला गेलो. तिच्याजवळ एक ट्रंक आणि वर्तमानपत्रात बांधलेलं सुतळीचं बंडल होतं. "तुमच्याही बाजेचा झोळ पाहून घेऊ," म्हणाली.

मी पहाटे निघे आणि ऊन कलतं झाल्यावर येई. अंग धुऊन जेवेपर्यंत मला झापड येई. मधला सगळा दिवस ती त्या खोलीत. घरमालकाच्या बायकांनी तिच्याशीही बोलणं ठेवलं नाही, ती देवीवाल्याची बायको. विहिरीवर ती गेली की आधीच्या बायका घागरी उचलून बाजूला होत. किल्ला तिने एकदा पाहिला. बाज तिने एकटीने विणली. सुतळी तिच्याने पुरती ताणली गेली नाही, पायथ्याला झोळ राहिला. मी तो काढायला बसलो तर म्हणाली, "राहू द्या. तुमी थकले हाये."

दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी ती जेवताना म्हणाली, "मी परवा जाईन म्हनते."

शाळा उघडायला अजून दिवस होते. मी तसं म्हटलं.

"हो," ती म्हणाली. "अमरावतीले घरात मी एकटी असते, पन शेजारी हाये, शाळेतल्या पोरी रस्त्यात भेटते. तिथं मले एकटं वाटत नाही. इथं वाटते." मग म्हणाली, "तुमी इथं रोजच असता."

हे मी तिला कधी सांगितलं नव्हतं. आता सांगण्यासारखं काही उरलंही नाही. मी तिला आणखी भाकर हवी का विचारलं. ती हो म्हणाली. तिला नको होती, पण तिने खाल्ली.

तिसऱ्या दिवशी अकोल्याला मी तिला गाडीत बसवून दिलं. उरलेली सुतळी तिने ट्रंकेत घातली होती. खिडकीतून तिने एवढंच सांगितलं, "त्या बाईच्या पोरीची खपली पडली की कळवा." ते मी कळवलं. दंडावर दोन नीट खुणा राहिल्या होत्या.

त्या साली दसऱ्याला मी एका दिवसासाठी अमरावतीला गेलो. आता दसऱ्याला कसला हंगाम सुरू व्हायचा नव्हता, तरी सवयीने गेलो. जेवणं झाल्यावर पत्नीने पेटीतून एक जुनं लुगडं काढलं, जांभळं, धुऊन धुऊन मऊ झालेलं. नेहमीप्रमाणे काठाला कात्री लावली आणि विचारलं, "हातभर पुरन ना?"

"नव्या लशीला लागत नाही," मी म्हटलं. "ती खिशातही राहते."

कात्री थांबली. "हो का," ती म्हणाली. तिने लुगड्याची घडी पुन्हा घातली. पेटीचं झाकण उघडंच होतं.

"फाड," मी म्हटलं.

"कायले?"

"डोक्याला बांधायला. ऊन लागतं."

"डोक्याले दुपट्टा हाये ना तुमच्याजवळ."

"असू दे."

तिने घडी उलगडली. काठ काढून टाकला आणि हातभर तुकडा फाडला. मग तुकडा माझ्या डोक्याभोवती एकदा धरून पाहिला आणि म्हणाली, "हातभर नाही पुरत. डोक्याले दीड हात लागते." आणि लुगडं पुन्हा मांडीवर घेतलं.